राक्षसाचें माप



माझीं पस्तीस वर्षें मुलांसाठीं प्रश्नपत्रिका काढण्यांत गेलीं. निवृत्त झाल्यावर त्या कामांतून आपली सुटका झाली अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या नातवानें मला पुन्हा त्याच घाण्याला जुंपलें. फरक इतकाच कीं, या वेळीं प्रश्नपत्रिकेऐवजीं मला राक्षस काढावयाचा होता.

नातू चौदा वर्षांचा आहे. तो आणि त्याचे तिघे सोबती दर रविवारीं आमच्या दिवाणखान्यांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ खेळतात. या खेळाला पट लागतोच असें नाहीं. सोंगट्या असल्या तर असल्या. मुख्य सामान म्हणजे कागद, पेन्सिली, नाना आकारांचे फासे आणि बोलणें. एकानें गोष्ट सांगावयाची आणि बाकीच्यांनीं त्या गोष्टींतलीं पात्रें व्हावयाचें. सांगणाऱ्यास 'डंजन मास्टर' म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणूं. सूत्रधार म्हणतो, 'पुलावर धुकें आहे आणि धुक्यांतून कोणाच्या तरी श्वासाचा आवाज येतो आहे.' खेळाडू आपण काय करतों तें सांगतात, आणि जें केलें तें साधलें कीं फसलें याचा निकाल फासा देतो. एरव्हीं सूत्रधाराचें काम नातूच करी. त्या सुटींत त्याला स्वतः तलवार हातांत घेण्याची हौस आली आणि तो म्हणाला, 'आजोबा, गोष्ट तुम्ही सांगा. तुम्हांला काय, सवयच आहे.'

हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा गांवचे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यांतले डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचला. पहिल्या छपाईंत अवघ्या १,००० प्रती काढल्या होत्या. त्याचें मूळ मात्र लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळण्याचा एक युद्धखेळ छापला. त्यांत दोन बाजूंच्या सेनापतींखेरीज एक पंच असे, आणि कोणाची किती हानि झाली तें तो सांगे. त्या पंचाचा पुढें होतां होतां सूत्रधार झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आज या खेळाचीं पुस्तकें 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही कंपनी काढते. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली व २०२४ सालीं तिची सुधारणा झाली. आमच्या घरीं आहेत तीं २०१४ चीं पुस्तकें, आणि खालीं जे आंकडे सांगणार आहें ते त्यांतलेच आहेत.

आतां एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी लागते. बुद्धिबळांत समोरचा माणूस आपणांस हरविण्यासाठीं बसलेला असतो. येथें तसें नाहीं. राक्षसाला हालविणारा सूत्रधारच. पण राक्षस जिंकावा अशी त्याची इच्छा नसते. तो सहज मरावा अशीहि नसते. खेळाडूंनीं जिंकावें, पण जिंकतांना त्यांचा ऊर धपापावा, हें त्याला साधावयाचें असतें. गोष्टीच्या शेवटीं येणाऱ्या या मुख्य राक्षसाला मुलें 'बॉस' म्हणतात. तो किती बळकट असावा, या एका प्रश्नावर जगभरचे सूत्रधार डोकें खाजवीत असतात. मला तो प्रश्न ओळखीचा वाटला. वर्गांत एक मुलगा तोंडी हिशेबांत पटाईत, एक निबंधांत, एकाचें अक्षर मोत्यासारखें पण पाढे कच्चे. आणि प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. ती अवघड असावी, पण कोणीहि कोरा कागद देऊन उठतां कामा नये.

माझ्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेवर एका मुलीनें कोरा कागद दिला. ती हकीगत अशी.

चार पात्रें होतीं. नातू योद्धा, एक मुलगा पुरोहित, एक मुलगी तिरंदाज, आणि दुसरी, जी मुळांतच अबोल आहे, ती चोर. चोर हें या खेळांत प्रतिष्ठित पात्र असतें, हें तिच्या आईसाठीं सांगून ठेवतों. चौघेंहि तिसऱ्या 'लेव्हल'चीं. लेव्हल म्हणजे आपली इयत्ताच, अनुभवाचे गुण सांठले कीं वरच्या इयत्तेंत घालतात. शेवटचा राक्षस म्हणून मीं 'ट्रोल' निवडला. पुलाखालीं राहणारा, लांब हातांचा, हिरवट कातडीचा आणि सदा भुकेलेला असा हा प्राणी आहे. निवड करतांना मीं पुस्तकांतलें कोष्टक पाहिलें होतें. मास्तर कोष्टकाशिवाय कांहीं करीत नाहीं.

तें कोष्टक असें चालतें. प्रत्येक राक्षसाला मारल्याबद्दल अनुभवाचे ठराविक गुण असतात, ट्रोलचे १,८००. तिसऱ्या इयत्तेंतल्या एका पात्राला ७५ गुणांची लढाई सोपी, १५० ची मध्यम, २२५ ची कठीण आणि ४०० ची प्राणघातक. चौघांचे चौपट करावयाचे, म्हणजे १,६०० ला प्राणघातक लढाई सुरू होते. ट्रोल त्याहून किंचित् वर. शेवटचा प्रश्न आहे, थोडा अवघड असावयासच हवा, असें मीं मनाशीं म्हटलें. ट्रोलवर आणखी एक शिक्का असतो, त्याला 'चॅलेंज रेटिंग' म्हणतात. आपण आव्हानांक म्हणूं. ट्रोलचा आव्हानांक ५. याचा अर्थ, पांचव्या इयत्तेंतल्या चौघांना हा बेताचा. माझीं मुलें तिसरींत होतीं, हें मला दिसत होतें. पण वरच्या वर्गाचें एखादें गणित हुशार मुलांना घालण्याची माझी जुनी खोड आहे.

लढाई सुरू झाली. ट्रोलला एका पाळींत तीन वार करतां येतात, एक दांतांचा आणि दोन पंजांचे. मुख्यतः त्याच्या सर्वांत जवळ होती म्हणून, त्यानें पहिल्या पाळीचे तिन्ही वार चोरावर केले, तिन्ही लागले. तिन्हींची सरासरी बेरीज २९ होते. पात्राच्या अंगांत किती जीव आहे तें ज्या अंकानें मोजतात त्याला 'हिट पॉइंट' म्हणतात, मी प्राणांक म्हणतों. चोराचे प्राणांक होते २४. ती मुलगी पहिल्याच फेरींत आडवी झाली. पुरोहिताचे मोठे मंत्र आधींच्या दोन लढायांत खर्ची पडले होते, त्यामुळें तिला उठविणारें कोणी नव्हतें. मुलांची एक फेरी व्हावयास आठ-दहा मिनिटें लागतात. लढाई दीड तास चालली. ती तेवढा वेळ आपला वीस पैलूंचा फासा मुठींत धरून बसली, आणि मग मुकाट्यानें उठून स्वयंपाकघरांत मुलांच्या आजीजवळ शेंगा सोलावयास गेली. पुढच्या रविवारीं ती आली नाहीं.

बाकीचे तिघेहि हरलेच. पण हरण्याचें मला वाईट वाटलें नाहीं. त्या रिकाम्या खुर्चीचें वाटलें. त्या रात्रीं मीं कोष्टक बाजूला ठेवून हिशेब पहिल्यापासून मांडला. तो मी आपणांस ऐकवितों, कंटाळवाणा नाहीं.

योद्ध्यानें फासा टाकावयाचा, पडलेल्या दानांत आपले ५ मिळवावयाचे, आणि बेरीज ट्रोलच्या अंगरक्षणाच्या अंकाइतकी, म्हणजे १५ किंवा अधिक झाली तर घाव लागला. १० पासून २० पर्यंतचीं अकरा दानें फळतात; वीसांत अकरा, म्हणजे शेंकडा ५५. लागलेल्या घावाची सरासरी साडेसात. म्हणून दर पाळीस योद्ध्याचा मार सरासरी ४ धरावा. तिरंदाजाचा तितकाच. चोर शत्रूचें लक्ष दुसरीकडे असतांना वर्मीं घाव घालतो, म्हणून त्याचा साडेसात. पुरोहिताचा, मोठे मंत्र संपल्यावर, अडीच. चौघांचा मिळून दर फेरीस १८. ट्रोलचे प्राणांक ८४. पांच फेऱ्यांत काम व्हावें, असें आपणांस वाटेल.

परंतु या खेळांतल्या ट्रोलला एक खोड आहे: त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. लोककथांतल्या ट्रोलला ही विद्या नसते. पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या एका कादंबरींतून ती या खेळांत आली. प्रत्येक पाळीच्या आरंभीं ट्रोलला १० प्राणांक परत मिळतात. अठरा द्यावेत आणि दहा परत जावेत. निव्वळ वसुली आठ. पहिल्या फेरीचे १८ वजा जातां ६६ राहिले. आठ-आठनें ते फेडावयास आणखी नऊ फेऱ्या. एकूण दहा. इकडे ट्रोलचे वार दहांत सहा लागतात, म्हणजे दर फेरीस सतराचा मार. आणि चौघांचे मिळून प्राणांक सुमारें १००. सहाव्या फेरींत सारें आटोपतें. शिवाय एक पात्र पडलें कीं त्याचा मारहि बंद होतो, तें निराळेंच. आणि कळस असा कीं, दहाव्या फेरींत ट्रोल पडला असता तरी मेला नसता. पुढच्या पाळीला दहा प्राणांक घेऊन पुन्हा उठला असता.

त्याच्या जखमा भरून येणें थांबतें तें दोनच गोष्टींनीं: अग्नि आणि आम्ल. त्यांपैकीं एकाचा चटका बसला कीं पुढच्या पाळीला जखम भरत नाहीं. आतां याच चौघांत पुरोहिताच्या जागीं मांत्रिक बसवून पाहा. त्याच्या हातून ज्वाळा निघण्याचा एक साधा पहिल्या प्रतीचा मंत्र असतो. ट्रोलनें अंग चुकविलें तरी अर्धा चटका बसतोच. त्याची सरासरी ८. चौघांचा मार झाला साडेतेवीस, आणि परतफेड शून्य. चौथ्या फेरींत ट्रोल जमिनीवर, आणि पुन्हा उठणें नाहीं.

एक पात्र बदललें तर दहा फेऱ्यांच्या चार झाल्या, आणि पराभवाचा विजय झाला. कोष्टकानें मात्र दोन्ही वेळां एकच उत्तर दिलें असतें: १,८००, प्राणघातक. कोष्टक खोटें नाहीं. त्याला फक्त डोकीं मोजतां येतात, तीं डोकीं कोणाचीं आहेत हें त्याला ठाऊक नसतें. राक्षसाचा अवघडपणा राक्षसाच्या अंगांत नसतोच. तो राक्षस आणि समोर बसलेलीं हीं चार मुलें यांच्या मधल्या जागेंत कोठें तरी असतो. हें मला प्रश्नपत्रिकांच्या बाबतींत ठाऊक होतें. राक्षसाच्या बाबतींत मीं तें विसरलों.

संख्येचा हिशेब तर आणखीच फसवा. 'गॉब्लिन' हा या खेळांतला अगदीं किरकोळ शत्रु आहे. त्याचे प्राणांक सात आणि गुण ५०. चार गॉब्लिनांचे गुण २००. पण २०१४ च्या नियमाप्रमाणें शत्रु तीन ते सहा असले तर अवघडपणा मोजतांना गुणांची दुप्पट धरावयाची. म्हणजे ४००, आणि पहिल्या इयत्तेंतल्या चौघांना ४०० ची लढाई प्राणघातक समजली जाते. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं नवशिक्यांसाठीं जी पेटी विकावयास आली तिच्यांतली गोष्ट रस्त्यावर दबा धरून बसलेल्या चार गॉब्लिनांनींच सुरू होते! पेटींत तयार पात्रें पांच होतीं खरीं; पण खेळावयास चौघेंच बसलीं, तर बालवर्गाच्या पहिल्याच दिवशीं वार्षिक परीक्षा. २०२४ च्या पुस्तकानें ही दुपटीची भानगड काढून टाकली आणि चारांऐवजीं तीनच प्रती ठेवल्या. हिशेब सुटसुटीत झाला, पण गर्दीचें बळ त्यामुळें कमी होत नाहीं.

कारण या खेळांत खरें धन म्हणजे पाळी. चौघे खेळाडू एका फेरींत चारदां कांहीं तरी करतात. एकटा राक्षस एकदां. म्हणून एकटा, धिप्पाड, हजार वर्षांचा म्हणून वर्णिलेला राक्षस पुष्कळदां दोन फेऱ्यांत हास्यास्पद रीतीनें मरतो, किंवा एखाद्या मंत्रानें खिळून उभा राहतो आणि मुलें त्याला मारुतीच्या देवळांतल्या घंटेसारखें बडवीत सुटतात. पांचव्या आवृत्तींत याला उपाय केलेला आहे. पूर्ण वाढ झालेल्या लाल ड्रॅगनसारख्या थोर राक्षसांना आपल्या पाळीखेरीज दर फेरीस तीन जादा कृति दिल्या आहेत. त्या दुसऱ्यांच्या पाळ्या संपतांच एक-एक करावयाच्या. त्याच्या गुहेलाहि एक पाळी असते, छत कोसळतें, जमीन फुटते. आणि दिवसांतून तीनदां, एखाद्या मंत्रापुढें तो हरला असला तरी 'मी हरलोंच नाहीं' असें त्याला जाहीर करतां येतें.

या शेवटच्या सवलतीबद्दल माझें मत बरें नाहीं. तलवारवाल्याचा घाव लागला तर लागतो. पण मांत्रिकाच्या तीन पाळ्या नुसत्या पुसून टाकल्या जातात, आणि तीन पाळ्या म्हणजे अर्धा तास. तें पोर काय करीत बसणार? मीं आमच्या घरापुरती एक पुरवणी केली आहे. ड्रॅगननें मंत्र झटकला कीं त्याचें कांहीं तरी दिसेल असें गमावलें पाहिजे: पहिल्यांदा एका पंखाची शक्ति, म्हणजे उडणें बंद, मग एक जादा कृति, मग छातीवरचे खवले, म्हणजे अंगरक्षणाचा अंक दोननें खालीं. मांत्रिकाचा मंत्र असा फुकट जात नाहीं, आणि राक्षसहि एका मंत्रानें मरत नाहीं.

मिश्र मंडळींसाठीं माप घेण्याची माझी रीत आतां ठरून गेली आहे. राक्षसाच्या एका पाळीचा मार सर्वांत अशक्त पात्राला लावून पाहावयाचा, आणि राक्षसाच्या एकंदर जिवाचें माप सर्वांत बळकट पात्राला लावून घ्यावयाचें. याच्या उलट केलें कीं घोटाळा होतो. उदाहरणार्थ, तरुण लाल ड्रॅगन घ्या. त्याच्या एका फूत्काराची सरासरी ५६. अंग चुकविलें तर निम्मी, २८. पांचव्या इयत्तेंतल्या योद्ध्याचे प्राणांक ४४ च्या आसपास, मांत्रिकाचे ३२ च्या आसपास. अंग चुकविणाऱ्या योद्ध्याजवळ लढण्याइतका जीव उरतो. अंग चुकवूनहि मांत्रिकाजवळ उरतात चार. न चुकवणारा तर कोणीहि असो, आडवा. म्हणजे ज्या लढाईस सूत्रधार 'रोमहर्षक' म्हणतो ती एका श्वासांत संपते. फूत्काराचें माप मांत्रिकाकडे पाहून घ्यावें: एका वेळीं त्याचा अर्धाअधिक जीव जावा, सगळा जाऊं नये. भीति अर्ध्यांतच पुरती वाटते. आणि जिवाचें माप घेतांना योद्ध्याचा, चोराचा, सर्वांचा चांगल्या दिवसाचा मार मोजून, लढाई चार-पांच फेऱ्या टिकेल इतके प्राणांक द्यावे. याहून अधिक देऊं नयेत. सहाव्या फेरीनंतर शौर्य संपून नुसती मजुरी उरते.

लढाई दिवसाच्या कोणत्या प्रहरीं येते यालाहि महत्त्व आहे. पुस्तकाची मूळ कल्पना अशी कीं, दोन रात्रींच्या झोपांमध्यें सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया व्हाव्यात आणि दोनदां तासभर विश्रांति मिळावी. मांत्रिकाचे बहुतेक मंत्र रात्रभर झोपल्यावर परत येतात. योद्ध्याच्या खास युक्त्या मात्र तासाच्या विसाव्यानें परत येतात. म्हणून सकाळीं ताजेतवाने उठून थेट बॉसपाशीं गेलें तर मांत्रिक सारी तिजोरी एका लढाईंत उधळून राक्षसाचा फडशा पाडतो आणि योद्धा टाळ्या वाजवीत उभा राहतो. तोच बॉस संध्याकाळीं भेटला तर मांत्रिकाच्या हातीं रिकामी थैली. माझ्या पुरोहिताचें हेंच झालें होतें. सुटीच्या दुपारीं आठ लढाया कोठून करणार? आम्ही एक किंवा दोन करतों, आणि किती करणार हें राक्षस निवडण्यापूर्वीं ठरवितों.

आतां एक नाजूक प्रश्न. लढाई हाताबाहेर चालली तर सूत्रधारानें आपला फासा पडद्याआड टाकून खोटें दान सांगावें काय? पुष्कळ अनुभवी सूत्रधार सांगतात, आणि त्यांचे हेतु चांगले असतात. मला तें जमत नाहीं. परीक्षेनंतर वाढवून दिलेले गुण मुलाला कळतातच. तो बोलत नाहीं इतकेंच. जें बदलावयाचें तें फासा पडण्यापूर्वीं बदलावें. दोन साथीदार दाराआड ठेवावेत. मुलें फार वरचढ झालीं तर दार उघडावें, नाहीं तर तें दार होतें हें कोणास कळूंहि नये. शत्रूला पळतां यावें. १९८१ च्या मूलभूत नियमपुस्तकांत शत्रूचें धैर्य दोन फाशांनीं पारखण्याची एक सोपी रीत होती, ती मला आजहि आवडते. आणि हरणें म्हणजे मरणेंच असें नसावें. ट्रोल भुकेला आहे हें खरें. पण तो एकाला काखेंत मारून गुहेंत नेऊं शकतो. मग गोष्ट पुढें जाते, आणि काखेंतलें पात्रहि जागें राहून कांहीं तरी करीत असतें.

त्या मुलीला मुलांच्या आजीनें निरोप पाठविला. माझ्या निरोपावर ती आली असती असें वाटत नाहीं. ती आली. पहिली लढाई झालीच नाहीं असें ठरवून आम्हीं पुन्हा त्याच पुलाशीं सुरुवात केली. ट्रोलचा एकहि आंकडा मीं बदलला नाहीं. आधींच्या दोन लढायांतली एक गाळली, म्हणजे पुरोहिताजवळ जखमा भरण्याचे दोन मंत्र शिल्लक राहिले. ट्रोलनें तिन्ही वार एकाच पात्रावर करावयाचे नाहींत, भूक लागली म्हणून जो दिसेल त्यावर हात टाकावयाचा, असें त्याचें वागणें ठरविलें. आणि पुलाच्या अलीकडे एका धनगराची मोडकी झोंपडी ठेवली. झोंपडीभोवतीं राखेचें एक जुनें कडें होतें, आणि आसपास शेळ्यांचीं हाडें पडलेलीं होतीं. याहून अधिक मीं कांहीं सांगितलें नाहीं.

मुलें झोंपडी ओलांडून पुढें निघालीं. नातू तर पुलावर पोंचलाहि होता. तेव्हां ती मुलगी हळूच म्हणाली, 'आजोबा, हाडें राखेच्या बाहेरच आहेत का? आंत एकहि नाहीं?'

मीं म्हटलें, 'आंत एकहि नाहीं.'

मग पंधरा मिनिटें त्या चौघांची जी खलबतें चाललीं तीं ऐकत मी गप्प बसलों. मशालीचा फटका एकाच प्राणांकाचा असतो, असें नातवानें पुस्तक उघडून दाखविलें. 'एकच असूं दे, पण आगीचा ना?' असें तिचें उत्तर. मशाल कोणी घ्यावी यावर वाद झाला. नातवाला ती हवी होती. तिनें बोटांवर हिशेब केला: योद्ध्यानें घेतली तर तलवारीचा मार जाईल, पुरोहिताचा मार तसाहि सर्वांत कमी, त्यानें घ्यावी. पुरोहित झालेला मुलगा थोडा हिरमुसला. पण घेतली त्यानें.

त्याचे फटके पुष्कळदां हुकले. मशाल लागली त्या फेरीला ट्रोलच्या जखमा उघड्या राहत, हुकली त्या फेरीला मिटून येत, आणि प्रत्येक वेळीं चौघेंहि त्या एका पोराच्या फाशाकडे डोळे लावून बसत. पांचव्या फेरींत तिरंदाज पडली. एक मंत्र तिला उठविण्यांत गेला. सातव्या फेरींत चोरानें पुलाच्या कठड्याआडून घाव घातला आणि ट्रोल कोसळला. योद्ध्याजवळ तेव्हां तीन प्राणांक होते. नातू ओरडून उठला. पण ती बसल्या जागेवरून पुरोहिताला म्हणाली, 'थांब, तो उठेल. आधीं मशाल लाव.'

त्यानें लावली. एक प्राणांकाचा फटका.

पुढच्या रविवारसाठीं त्यांना आतां ड्रॅगन हवा आहे. मांत्रिक त्यांच्यांत अजूनहि नाहीं, आणि माझी वही अद्याप कोरी आहे.